हरलेल्यांचं काम

आमच्या सरांच्या घरी माणसं दोनच, सर आणि त्यांची धाकटी बहीण, आणि त्या घरातसुद्धा मतदान व्हायचं. ठाकूरद्वारच्या एका वाडीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ताईंनीच चहा देता देता सांगितलं, "रात्री जेवायला काय करू विचारलं की हा म्हणतो, हात वर करा. दोघांत कसलं डोंबलाचं मतदान? रोज बरोबरीत सुटतं."

"मग?"

"मग काय, मी करते ते गिळतो."

सर आत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "पण मत दिलेलं असतं."

हा गृहस्थ आमच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. मी त्यांच्या हाताखाली मराठी आणि भूगोल शिकवला. हाताखाली म्हणायचं इतकंच, कारण सरांच्या शाळेत कोण कोणाच्या हाताखाली आहे हे बाहेरून आलेल्या माणसाला शेवटपर्यंत कळायचं नाही.

शाळा परळला, एका सरकारी इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर. पाचवी ते दहावी. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, दारात येईल त्या मुलाला घ्यायचं. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या एका हौशी साहेबांच्या मनात आलं की सार्वजनिक शाळांपैकी एक तरी वेगळ्या तऱ्हेनं चालवून बघावी. त्यांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, घ्या ही इमारत, करा काय करायचं ते. साहेब पुढे बदलून गेले, त्यांच्यानंतरच्या साहेबांना या प्रकाराचं नीटसं आकलन झालं नाही, आणि कोणी थांबवलं नाही म्हणून आमचा प्रयोग वर्षानुवर्षं चालू राहिला. कागदोपत्री 'प्रायोगिक माध्यमिक शाळा'. लालबागमध्ये मात्र तिला 'कशावरून शाळा' म्हणत.

कारण सरांनी मुलांना हा एक शब्द देऊन ठेवला होता. कोणीही काहीही सांगितलं, शिक्षकांनी, पुस्तकानं, खुद्द सरांनी, तरी मुलानं विचारायचं, कशावरून? शिक्षकाला सांगता आलं तर ठीक, नाहीतर "बघून सांगतो" म्हणायचं आणि खरोखर बघून सांगायचं. पहिल्या वर्षी माझी इतकी दमछाक झाली की सांगता सोय नाही. खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर काढून मी वळायच्या आत मागून आवाज, "बाई, कशावरून?" शेवटी संध्याकाळी अख्खा वर्ग शिवाजी पार्कच्या मागे चौपाटीवर नेला आणि उदबत्त्या लावून धूर कुठे जातो ते बघत बसलो. माझ्या सासूबाईंच्या देवघरातला पुडा संपला, त्यावरून घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पोरं घरीही तेच करायची. एकदा एका मुलाचे वडील तणतणत जिना चढून आले. गिरणी बंद पडल्यावर ते एका टॉवरखाली वॉचमन म्हणून लागले होते, रात्रपाळी करून तसेच आले होते.

"मास्तर, ह्यां काय शिकवतास तुमी? मी झिलाक म्हटलंय, गप रव, मी तुझो बापूस आसंय. तर माका इचारता, कशावरून?"

आम्ही सगळ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. सर गंभीरपणे म्हणाले, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगतलंय? एक कानफटात दिलंय."

"म्हणजे तुमच्याकडे उत्तर नव्हतं."

 ते गृहस्थ असे हसत सुटले की जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. त्यानंतर हे वॉचमनकाका दर शुक्रवारी शाळेच्या सभेला यायचे, झोप मोडून. सभेत क्वचितच बोलत, पण हात मात्र न चुकता वर करत.

सर दिसायला काही विशेष नव्हते. लहानखुरे, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, चालताना थोडे तिरके. मुख्याध्यापकांची खोली त्यांनी सुतारकामाला देऊन टाकली होती आणि स्वतः जिन्याच्या चौकात एक उंच टेबल टाकून उभ्या उभ्या काम करायचे. खुर्ची नव्हतीच. कचेरीतून कोणी साहेब आले की त्यांनाही उभं राहावं लागे, त्यामुळे तपासण्या लवकर आटपत. सकाळी शाळा भरताना सर फाटकात ब्लेड घेऊन उभे असत. मुलांनी पेन्सिल द्यायची, सर टोक काढून देणार, आणि टोक होईपर्यंत मुलानं काल काय पाहिलं ते सांगायचं. लहान मुलांची लांबच लांब रांग लागायची. काही बेटे टोक असलेली पेन्सिल वाटेत मुद्दाम मोडून आणत. सरांना ते कळत होतं, पण त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही.

आणि ते सगळ्या मुलांना 'तुम्ही' म्हणायचे. पाचवीतल्या शेंबड्या पोरालाही, "काय हो, आज उशीर झाला?" नव्या मुलाला वाटायचं आपल्या मागे कोणी मोठं माणूस उभं आहे. तो वळून बघायचा. दोनेक महिन्यांत मात्र त्या मुलाची मान ताठ व्हायची, चालणं बदलायचं. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आज नातीला शाळेत सोडायला जाते आणि तिथल्या फाटकावरचा माणूस "ए, चल, चल" करतो तेव्हा मी नातीला मुद्दाम मोठ्यानं म्हणते, "चला, तुम्ही आत जा."

मंगळवारी शाळा इमारतीत भरायची नाही. वर्ग बाहेर. एका मंगळवारी सरांनी ठरवलं, बंद गिरणीचं धुराडं किती उंच आहे ते मोजायचं. आतल्या पहारेकऱ्यानं फाटक उघडायला साफ नकार दिला. "परमिशन आण, नंतर ये," एवढंच तो म्हणत राहिला. सर म्हणाले, "धुराडं तुमचं, पण सावली बाहेर पडते ना?" दुपार कलली तशी धुराड्याची सावली भिंत ओलांडून रस्त्यावर आली, आणि नववीचा वर्ग फूटपट्ट्या आणि सुतळी घेऊन भर रस्त्यात सावली मोजायला लागला. एक मुलगा काठी उभी धरून, दुसरी मुलगी तिची सावली मोजते आहे, मी दोन्ही हात पसरून गाड्या अडवते आहे. हॉर्नचा नुसता गदारोळ. सर फुटपाथवर शांत. एक टॅक्सीवाला चिडून खाली उतरला, काय चाललंय ते त्यानं ऐकून घेतलं, आणि गाडी तशीच ठेवून गणित होईपर्यंत थांबला. "कितना आया?" त्यानं जाताना विचारलं. मुलांनी सांगितलं. "बहोत है," म्हणाला आणि गेला. आज तिथे धुराडं नाही. काचेची इमारत आहे आणि तिच्या सावलीत गाड्या धुणारी मुलं बसलेली असतात. मी तिथून जाताना बस, टॅक्सी, जे असेल त्याच्या खिडकीतून वर बघते, आणि सावली मोजणारी ती पोरं, तो टॅक्सीवाला, सगळे कुठे गेले असतील असं मनात येतं.

पण शाळेचा खरा जीव शुक्रवारची सभा. मोठ्या हॉलमध्ये सगळे जमिनीवर. अध्यक्ष दर वेळी वेगळा मुलगा किंवा मुलगी. ज्याला जे मांडायचं ते मांडायचं, बोलून घ्यायचं, मग हात वर. पाचवीतल्या मुलाचं एक मत, सरांचं एक, शिपाईमामांचं एक, आलेल्या आईबापांचंही एकेक. पाण्याचं पिंप कुठे ठेवावं इथपासून सहल कुठे न्यावी इथपर्यंत सगळं सभेत ठरे. आणि या सभेचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकला नाही. जे ठरेल ते अमलात आणायचं काम हरलेल्यांनी करायचं.

हा नियम आला एका भांडणातून. सहल राणीच्या बागेत की घारापुरीला, यावर मतदान झालं. घारापुरीवाले जिंकले आणि त्यांनी हॉलमध्ये असा काही नाच केला की राणीच्या बागेवाले सहलीला आलेच नाहीत, घरी फुगून बसले. पुढच्या शुक्रवारी सरांनी ठराव मांडला. म्हणाले, "जिंकणारा नाचतो आणि हरणारा रुसतो. काम कोणीच करत नाही. तर काम हरणाऱ्यांना देऊ. हातानं केलं की राग उतरतो." खूप वादावादी झाली. ठराव थोडक्यात पास झाला. मी विरोधात होते. त्यामुळे हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचं पहिलं काम माझ्याच गळ्यात पडलं. खरं सांगते, लिहून होईपर्यंत मला तो पटायला लागला होता.

सर स्वतः या नियमात सगळ्यात जोरात सापडले ते गणवेशाच्या वेळी. आमच्या शाळेला गणवेश नव्हता. सगळ्यांना एकसारखे कपडे घालून माणसं घडत नाहीत, यावर सर तासभर बोलू शकत. आणि एका शुक्रवारी आठवीच्या मुलीनं ठराव आणला, शाळेला युनिफॉर्म हवा. ती म्हणाली, "सर, बाजूच्या शाळेतली पोरं विचारतात, तुमच्या शाळेला युनिफॉर्म परवडत नाय काय? आणि माझ्याकडे दोनच ड्रेस आहेत. रोज सगळ्यांना कळतं, दोनच आहेत ते." सर त्यांच्या बाजूनं भरपूर बोलले. पण हात वर गेले ते त्या मुलीच्या शेवटच्या वाक्यासाठी. सर सपाटून हरले.

मग दादरच्या एका कापडाच्या दुकानात हरलेले दोघं, सर आणि मी. विक्रेत्यानं ठाणं उघडून टाकली. सरांनी प्रत्येक कापड बोटांत चोळून पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं, एक तुकडा मागून घेऊन रात्रभर बादलीत भिजवून पाहिला. जिंकलेल्या बाजूनं इतकं केलं असतं की नाही, मला शंका आहे. फिकट निळ्या चौकडीचं कापड ठरलं. शाळा नव्या गणवेशात आली त्या सोमवारी फाटकात पेन्सिलींना टोक काढत सर उभे होते, त्याच निळ्या चौकडीच्या शर्टात. मी कपाळाला हात लावला.

"अहो सर, हे काय?"

"ठरावात शाळेतल्या सगळ्यांनी असं म्हटलंय. मुलांनी असं नाही."

त्यानंतर मी त्यांना शाळेत दुसऱ्या शर्टात पाहिलं नाही. कचेरीतल्या मोठ्या बैठकीलाही ते तसेच जात.

हा माणूस त्रासदायक होता, हेही लिहायला हवं, नाहीतर ते स्वतःच वरून विचारतील, कशावरून? सभा लांबली की शाळा सुटायची नाही. माझी मुलगी लहान असताना मी कितीतरी शुक्रवारी रडकुंडीला येऊन घरी पळाले. खालच्या वर्गात मार्क नाहीत, दहावीला मात्र बोर्डाची परीक्षा, तेव्हा वर्षाच्या शेवटी आमची जी तारांबळ उडायची तिच्याशी सरांना देणंघेणं नसायचं. निकाल कधी बरा, कधी जेमतेम. आईबापांना समजावताना आमच्या तोंडाला फेस यायचा. आणि दर वर्षी पाचवीत येणारी मुलं कमी होत होती. चाळीतली लहान मुलं गळ्यात टाय लटकवून इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसायला लागली होती. आम्ही ते बघत होतो आणि त्याबद्दल बोलत नव्हतो.

एका हिवाळ्यात कचेरीतून नवे साहेब आले. चांगला माणूस होता. जिन्याच्या चौकात उभं राहूनच त्यांनी सांगितलं, पट घसरलाय, वरून विचारणा होते आहे. शाळा बंद करावी, मुलं आसपासच्या शाळांत द्यावी आणि या इमारतीत इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी असं चाललंय. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण पालक आणि शिक्षक एकत्र उभे राहिले, तर अजून काही वर्षं सहज निघतील. बघा काय ते." त्याच आठवड्यात विभागातले एक पुढारीही येऊन गेले. म्हणाले, "सर, तुम्ही फक्त बोला. मोर्चा आपण काढू."

आम्ही शिक्षक हरखून गेलो. सरांनी नुसतं म्हटलं असतं तर सगळ्या आईबापांनी डोळे मिटून सह्या केल्या असत्या, वॉचमनकाका तर सगळ्यांच्या पुढे चालले असते. सर म्हणाले, "दोन आठवड्यांनी शुक्रवारच्या सभेत ठेवू."

मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, ह्या एका वेळी विचारू नका."

"का?"

"विचारलंत तर हरू आपण."

"बाई, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं ते मुलांना विचारलं. शाळा ठेवायची की नाही ते नको विचारू?"

"पिंपावर तुमचं आयुष्य नाही गेलेलं!" मी ओरडलेच. माझंही गेलं होतं. सर म्हणाले, "म्हणून तर भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून विचारायचं नाही, हे कारण सभेत टिकेल का?"

त्या शुक्रवारी हॉल गच्च भरला. बायका दारात उभ्या होत्या. अध्यक्ष होता सातवीतला एक मुलगा. सर पहिले बोलले, थोडंसंच. शाळा का ठेवावी ते सांगितलं आणि बसले. दोघीतिघी आया बोलल्या, सरांच्या बाजूनं. मला वाटलं, जमलं. आणि नववीतली श्वेता उभी राहिली.

श्वेता म्हणजे आमच्या शाळेनं काय केलं असं कोणी विचारलं तर आम्ही जिच्याकडे बोट दाखवायचो ती मुलगी. लालबागच्या चाळीतली, आई चिवड्याच्या दुकानात कामाला, धाकटा भाऊ आमच्याकडेच पाचवीत. ती म्हणाली, "मला ही शाळा आवडते. हे आधी सांगते. पण आवडणं हे कारण नाही, असं सर म्हणतात. आम्ही चौघी गेल्या दोन मंगळवारी चाळीचाळीतून फिरलो. ज्यांची मुलं चौथीत आहेत त्यांना विचारलं, पुढच्या वर्षी कुठे घालणार? एकाही घरातून आपल्या शाळेचं नाव आलं नाही."

"कुठल्या कुठल्या चाळी पाहिल्यात?" सरांनी विचारलं.

तिनं एकेक नाव घेतलं.

"कारण विचारलंत?"

"विचारलं. ते म्हणाले, शाळा चांगली आहे, सर देवमाणूस आहेत, पण मुलाला उद्या ऑफिसात इंग्लिश बोलायला लागणार. हे चूक आहे का ते मला माहीत नाही, सर. पण ते बदलणार नाहीत, एवढं मला कळलं." ती थांबली. मग तिनं भावाकडे बघितलं. "ह्याच्या वर्गात आत्ताच कबड्डीच्या दोन टीम होत नाहीत. मोर्चा काढून शाळा राहील. पण तिच्यात मुलं नसतील. हा दहावीला जाईल तेव्हा ह्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोण असेल? मला ह्याला एकटा नाही ठेवायचाय."

मी सरांकडे पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता. चष्मा नाकावरून घसरलेला, मान डोलते आहे, आणि डोळे त्या पोरीवर असे खिळलेले की आपल्याच शाळेवर ती नांगर फिरवते आहे हे ते साफ विसरून गेले होते. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. आजही आठवलं की येतो.

मतदान झालं. शाळा ठेवावी म्हणणारे हात वर गेले: सर, मी, शिपाईमामा, वॉचमनकाका, बरेच शिक्षक, काही मुलं, काही आया. मग दुसऱ्या बाजूचे. अध्यक्षानं दोनदा मोजले, आणि निकाल सांगताना त्याला रडूच फुटलं. हॉलमध्ये कोणी नाचलं नाही. जिंकलेलेच रडत होते. तेव्हा सर उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ज्यांचे हात पहिल्यांदा वर होते त्यांनी थांबा. कामं वाटून घेऊ."

पुढाऱ्यांचा माणूस मोर्चाची तारीख विचारायला आला. सर त्याला म्हणाले, "आम्ही हरलो हो," आणि तो आमच्याकडे वेडे झाल्यासारखा बघत निघून गेला.

मग सरांनी आमच्या मुलांना साधी शाळा शिकवायला घेतली, म्हणजे जूनमध्ये नव्या शाळेत त्यांचं अडायला नको. ज्या माणसानं उभं आयुष्य बाकांच्या रांगा मोडण्यात घालवलं त्यानं हॉलमध्ये बाकांच्या रांगा लावल्या. शिक्षक वर्गात आले की उठून उभं राहायचं, एका सुरात नमस्ते म्हणायचं, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, या सगळ्याची सर रोज तालीम घ्यायचे. स्वतः दारातून आत यायचे, मुलं उठायची, सर म्हणायचे, "बसा. आज जरा कमी हसलात, सुधारणा आहे." एका मुलानं विचारलं, "सर, तिथे कशावरून विचारायचं नाही?"

"विचारायचं. पण हात वर करून. आणि पहिल्या आठवड्यात नको."

मुलं हसली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मे महिन्याच्या उन्हात आम्ही हरलेले शाळाशाळांतून फिरलो. प्रत्येक ठिकाणी विचारत, टक्के किती? आमच्याकडे टक्के नव्हते. मग सर त्या मुलाला शेजारी उभं करून सांगायचे, हे फार हळू वाचतात पण वाचलेलं विसरत नाहीत. ह्यांना भूमिती हातानं येते, वहीत येत नाही. ह्या भांडतील, पण चूक दिसली की आपण होऊन माफी मागतील. समोरचे मुख्याध्यापक चक्रावून जात. 'हे' आणि 'ह्या' म्हणजे नक्की कोण, हे कळायलाच त्यांना वेळ लागायचा. काहींनी घेतलं, काहींनी परत पाठवलं, परत पाठवलेल्यांना घेऊन सर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारात. एकाही मुलाला त्यांनी नुसतं पत्ता देऊन पाठवलं नाही.

शेवटी श्वेताचा भाऊ राहिला. जूनमध्ये प्रभादेवीच्या एका शाळेनं त्याला घेतलं. तिथल्या मुख्याध्यापिका बोलता बोलता हळहळल्या. "एवढी चांगली शाळा, सर. बंद कोणी केली?"

"आमच्या मुलांनी," सर म्हणाले. आपल्या मुलीचं लग्न चांगल्या घरी ठरलं हे सांगताना बाप जसा बोलेल तसे बोलले.

मुलगा आत गेला, त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि आम्ही दोघं बाहेर बसस्टॉपवर येऊन उभे राहिलो. माझी दुसऱ्या शाळेत बदली झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. सर आधीच निवृत्तीच्या वयाला आलेले, त्यांना कचेरीनं नवीन कुठेच नेमलं नव्हतं.

"बाई, सगळे झाले ना?"

"झाले, सर."

"कोणी राहिलं नाही?"

"नाही. हा शेवटचा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोरून शाळेतली मुलं रस्ता ओलांडत होती, तिकडे बघत म्हणाले, "हरलेल्यांनी काम करायचं, हे आपण ठरवलं. काम संपल्यावर त्यांनी काय करायचं, हे कधी सभेत निघालंच नाही."

मला वाटलं, आता हसतील. असं काही बोलले की हसायची त्यांना सवय होती. मी वाट पाहिली. मग त्यांच्याकडे नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं, ते मला खरंच विचारत होते.

माझी बस आली. "तुमची आली," ते म्हणाले.

"जाऊ दे," मी म्हटलं.

तिच्यामागून दुसरी आली, तीही मी जाऊ दिली.